नेतृत्व एकाचे नव्हे, शाळेचे!

कर्जत तालुक्यात नेरळहून कळंबकडे जाऊ लागले, की मुंबईच्या उपनगरी गाडीचा परिसर मागे पडतो आणि ठाकर, कातकरी समाजाच्या वाड्या सुरू होतात. या वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचे स्वरूप साधारण सारखेच असते. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता आणि तीस-चाळीस मुले. दोन शिक्षकांपैकी जो सेवेने ज्येष्ठ, तो मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळतो. त्याला स्वतंत्र खोली नसते, लिपिक नसतो, शिपाई नसतो. शाळेचा 'प्रमुख' असलेला हा माणूस दिवसभर दोन-तीन वर्ग एकत्र बसवून शिकवत असतो आणि उरलेल्या वेळात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सभांची इतिवृत्ते आणि वरिष्ठांचे निरोप निस्तरत असतो.

अशा शाळेत 'नेतृत्व' या शब्दाचा अर्थ काय? शालेय नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचा विचार गेली काही वर्षे देशभर सुरू आहे. त्यातही मुख्याध्यापक आणि शिक्षक यांनी मिळून शाळा चालवावी, म्हणजेच नेतृत्व सहकार्याचे असावे, यावर भर दिला जातो. ही कल्पना मोठ्या शहरी शाळांसाठी सोयीची आणि वाडीवरच्या शाळेसाठी चैनीची, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जिथे माणसे मोजकी आणि कामे अनंत आहेत, तिथेच सहकार्याच्या नेतृत्वाची गरज सर्वाधिक आहे.

पद आहे, पण माणूस एकटा

शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. पटसंख्या दीडशेच्या वर गेली, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी ही मर्यादा शंभरची आहे. याचा सरळ अर्थ असा, की डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागातील बहुतेक प्राथमिक शाळांना स्वतंत्र मुख्याध्यापक कधीच मिळणार नाही. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची राज्यातील संख्या १४ हजार ७८३ सांगण्यात आली होती. म्हणजे प्रश्न केवळ कळंब परिसराचा नाही.

कायद्याने या शाळांवर जबाबदाऱ्या मात्र पूर्ण टाकल्या आहेत. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करायचा आहे. समितीचे अध्यक्षपद पालकाकडे आणि सचिवाचे काम मुख्याध्यापकाकडे, अशी महाराष्ट्रातील रचना आहे. कायद्याला अभिप्रेत असलेली शाळा ही मुळातच अनेकांनी मिळून चालवायची शाळा आहे. पण मिळून चालवायचे कसे, हे ना शिक्षकाला पदविका अभ्यासक्रमात शिकवले गेले, ना मुख्याध्यापकाला बढतीच्या वेळी. चांगला शिक्षक ज्येष्ठ झाला म्हणून त्याला सभा घेता येते, मतभेद मिटवता येतात, काम वाटून देता येते, असे गृहीत धरले जाते. ते गृहीतकच चुकीचे आहे.

सहकार्याचे नेतृत्व म्हणजे काय?

नेतृत्व म्हणजे पद नव्हे, तर माणसांमध्ये घडणारा व्यवहार, अशी मांडणी अमेरिकेतील अभ्यासक जेम्स स्पिलेन यांनी केली. शाळेत रोज शेकडो लहान निर्णय होतात. त्यातले काही मुख्याध्यापक घेतो, काही शिक्षक घेतात आणि काही परिस्थितीच घेऊन टाकते. हे निर्णय कोण, कोणाशी बोलून, कशाच्या आधारे घेतो, हे पाहिले म्हणजे शाळेचे खरे नेतृत्व दिसते. केनेथ लीथवूड, अल्मा हॅरिस आणि डेव्हिड हॉपकिन्स यांनी २००८ मध्ये जगभरातील संशोधनाचा आढावा घेतला. मुलांच्या शिकण्यावर प्रभाव टाकणाऱ्या शाळेतील घटकांमध्ये वर्गातील अध्यापनाच्या खालोखाल नेतृत्वाचा क्रमांक लागतो आणि ते नेतृत्व जितके वाटले जाते, तितका त्याचा प्रभाव वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भारतातही या दिशेने पावले पडली. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात २०१२ मध्ये राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र स्थापन झाले. या केंद्राने २०१४ मध्ये प्रशिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात प्रशासनाबरोबरच स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम आणि समाजाशी भागीदारी या क्षेत्रांना स्थान मिळाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणातही शालेय नेतृत्वाचा घटक होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांसाठी वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली. कागदावर, थोडक्यात, उणीव नाही.

महाराष्ट्राचा जुना अनुभव

शिक्षकांनी मिळून संस्था चालवणे हे महाराष्ट्राला परके नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. या संस्थेचे वैशिष्ट्य म्हणजे आजीव सदस्यांची पद्धत. जे शिकवणार, तेच संस्थेचा कारभारही पाहणार, हे त्यामागचे सूत्र होते.

परंतु याच संस्थेच्या इतिहासात दुसरा धडाही आहे. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे व मिळकत स्वीकारावी की नाही, यांसारख्या प्रश्नांवर मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. मतभेद असलेली माणसे सामान्य नव्हती. आगरकर आणि गोखले यांच्यासारखी होती. ध्येय एक असले आणि माणसे मोठी असली, तरी सहकार्य आपोआप टिकत नाही. निर्णय कसा घ्यायचा, मतभेद कुठे मांडायचे आणि मांडल्यानंतर पुढे कसे जायचे, याची रीत ठरवावी लागते, ती पाळावी लागते आणि म्हणूनच शिकावी लागते.

'बारभाईचा कारभार' हा शब्दप्रयोग मराठीत कौतुकाने वापरला जात नाही. सगळ्यांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, हा आक्षेप त्यामागे असतो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर एकत्र आलेल्या मूळ बारभाईंनी मात्र कठीण काळात राज्य सावरले होते. फरक होता तो उद्दिष्टाच्या स्पष्टतेचा आणि कामाच्या वाटणीचा. शाळेलाही हेच लागू पडते.

प्रशिक्षणाची उतरंड

मग अडते कुठे? बहुतांश ते प्रशिक्षणाच्या पद्धतीत अडते. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. रायगडपुरते बोलायचे तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे. राज्य पातळीवर मुख्याध्यापक व अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काम छत्रपती संभाजीनगर येथील शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे 'मिपा', पाहते. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर आशय थोडा थोडा गळत जातो. विषयज्ञानाच्या बाबतीत ही गळती काही प्रमाणात पुस्तिकेने भरून निघते. सहकार्य ही मात्र सांगून येणारी गोष्ट नाही. ती करूनच येते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. प्रशिक्षणाला बोलावले जाते ते एकट्या मुख्याध्यापकाला. तो चार-पाच दिवस संघबांधणीवरील व्याख्याने ऐकतो, गटकार्य करतो आणि परत येतो. ज्यांच्याबरोबर संघ बांधायचा, ते सहकारी या काळात शाळेत त्याचे वर्ग सांभाळत असतात. परतल्यावर तो काही नवे सुचवू लागला, की ते त्यांना 'वरून आलेले' वाटते. सहकार्याचे प्रशिक्षण एकट्याने घेणे म्हणजे कबड्डीच्या संघातील एकालाच सरावाला पाठवण्यासारखे आहे. प्रशिक्षण व्यक्तीला नव्हे, शाळेला मिळाले पाहिजे. दोन शिक्षकी शाळेत ते दोघांनाही एकत्र मिळाले पाहिजे.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख आणि केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद ही रचना महाराष्ट्रात अस्तित्वात आहे. वाडीवरच्या शिक्षकाला स्वतःच्या शाळेबाहेरचा शिक्षक भेटण्याची ही हक्काची जागा. ती परिपत्रके वाचून दाखवण्यात खर्च झाली, तर सहविचार सभेत विचारही नाही आणि 'सह'ही नाही, अशी गत होते. तीच जागा शाळांनी आपले प्रश्न मांडण्यासाठी आणि एकमेकांचे उपाय तपासण्यासाठी वापरली, तर वेगळा खर्च न करता नेतृत्वाची शाळा तिथेच भरते.

कुमठ्याने काय दाखवले?

हे अशक्य नाही, याचा पुरावा साताऱ्याच्या कुमठे बीटने दिला. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने या बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी २०१० नंतरच्या दशकात ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवण्याचा प्रयोग केला. २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कुमठ्याच्या शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांची रीघ लागली.

कुमठ्याची चर्चा झाली ती प्रामुख्याने वर्गातील फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांची आणि मुलांच्या हातातील साध्या साहित्याची. अनेक ठिकाणी तेवढेच उचलले गेले. नेतृत्वाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट दुसरी आहे. येथे बदलाचे एकक एक शाळा किंवा एक आदर्श शिक्षक नव्हते, तर संपूर्ण बीट होते. तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी शिकण्याविषयी शिक्षकांशी बोलणारी अधिकारी होती. शेजारच्या शाळेत तशाच मुलांबरोबर तशाच साधनांनी काम होताना दिसले, की 'आमच्याकडे हे जमणार नाही' हे वाक्य उच्चारणे अवघड होते. रंग एका सुट्टीत फासता येतो. शिक्षकांमधील हा संवाद घडायला काही वर्षे लागतात. नक्कल रंगाची झाली आणि संवाद मागे राहिला, तिथे प्रयोगही रंगाबरोबरच फिका पडला.

शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहण्याची परंपरा जपानमध्ये फार जुनी आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुले कुठे अडतात हे टिपतात आणि नंतर चर्चा होते. चर्चेचा विषय शिकवणारा नसतो, पाठ असतो. आपल्याकडे पाठनिरीक्षण म्हटले, की शेरा आठवतो. ही भीती घालवणे हाच सहकार्याच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा ठरावा.

कळंब परिसरात प्रशिक्षण कसे असावे?

प्रशिक्षणाची सुरुवात व्याख्यानाने न करता शाळेच्या एका खऱ्या प्रश्नाने करावी. कळंबसारख्या भागात असा प्रश्न शोधावा लागत नाही. पावसाळा संपला, भाताची कापणी आटोपली, की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर जातात. मुलेही बरोबर जातात. जूनमध्ये भरलेला वर्ग दिवाळीनंतर विरळ होतो आणि परतलेले मूल अक्षरओळखीपासून पुन्हा सुरू करते. हा प्रश्न कोणत्याही एका मुख्याध्यापकाच्या आवाक्यातला नाही.

आता हाच प्रश्न घेऊन दोन शिक्षक, व्यवस्थापन समितीतील दोन पालक आणि अंगणवाडी सेविका एकत्र बसली, अशी कल्पना करावी. पहिले काम म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांचे हजेरीपट समोर ठेवणे. कोणती मुले, कोणत्या महिन्यात, किती दिवस गेली, हे नावानिशी दिसले, की 'पालक बेजबाबदार आहेत' या सर्वसाधारण तक्रारीची जागा बारा-पंधरा मुलांची यादी घेते. दुसरे काम म्हणजे पर्याय मांडणे. कोणते मूल आजीजवळ राहू शकेल? हंगामी वसतिगृहाची सोय मिळू शकेल का? जे जाणारच आहे, त्याच्याजवळ शिक्षण हमी पत्रक देऊन भट्टीजवळच्या शाळेला आधी कळवता येईल का? तिसरे काम वाटणीचे. कोणत्या कुटुंबाशी कोण बोलणार, कधी बोलणार आणि शाळेत ही नोंद कोण ठेवणार, हे नावासह लिहिले जावे. कातकरी आईशी तिच्याच वाडीतली समिती सदस्य जितक्या सहज बोलेल, तितके बाहेरगावाहून येणाऱ्या गुरुजींना जमणार नाही. तिथे नेतृत्व त्या बाईचे असेल आणि मुख्याध्यापकाने ते तिच्याकडे सोपवणे हेच त्याचे नेतृत्व ठरेल.

चौथे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. महिन्याभराने पुन्हा बसून, ठरले त्यातले काय झाले आणि काय झाले नाही, हे दोष न देता तपासणे. येथे केंद्रप्रमुखाची परीक्षा असते. तो केवळ अहवाल मागणार असेल, तर अहवाल उत्तम येतील. तो शाळेत येऊन अडचण समजून घेणार असेल, तर काम पुढे सरकेल.

या एका प्रश्नाच्या निमित्ताने मुख्याध्यापक सभा चालवायला, ऐकायला आणि अधिकार सोपवायला शिकतो. सहशिक्षक माहिती वाचायला, मत मांडायला आणि घेतलेल्या जबाबदारीचा हिशेब द्यायला शिकतो. पालकांना समजते, की समिती केवळ सह्यांसाठी नाही. प्रशिक्षणाचे पन्नास तास अशा कामात विभागून गेले, तर ते सभागृहात घालवलेल्या पन्नास तासांपेक्षा खचितच सत्कारणी लागतील.

दोन विभाग, एक मूल

या भागात सहकार्याची आणखी एक कडी जोडावी लागेल. वाडीवरच्या शाळेतून चौथी-पाचवी झालेली अनेक आदिवासी मुले पुढे आश्रमशाळेत जातात. वाडीवरची शाळा जिल्हा परिषदेची, तर आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या पेण प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतली. मूल एकच, पण विभाग दोन. त्याला काय येते, घरात कोणती बोली बोलली जाते, ते कशाने बुजते, हे पहिल्या शाळेतील शिक्षकाला चार वर्षांच्या सहवासाने माहीत असते. नव्या शाळेला यातले काही कळत नाही. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकावर तर अध्यापनाबरोबर निवासाचीही जबाबदारी असते. वर्गशिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक एकमेकांशी बोलले नाहीत, तर रात्री रडणारे मूल सकाळी वर्गात 'मंद' ठरते.

शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडली होती. २०२० च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार करताना एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातील खालच्या वर्गांच्या शाळा व अंगणवाड्या यांचा एक गट असावा, असे सुचवले. समूहाचा अर्थ लहान शाळा बंद करून मुले एका ठिकाणी आणणे असाच लावला जाऊ नये. शिक्षकांनी शाळांच्या भिंती ओलांडून एकत्र विचार करणे, हा त्याचा अधिक महत्त्वाचा अर्थ आहे.

अटी आणि सावधगिरी

सहकार्याचे गोडवे गाताना तीन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली वेळेची. बदलापूर, नेरळ, कर्जतहून ये-जा करणाऱ्या शिक्षकांना, विशेषतः घरची जबाबदारी असलेल्या शिक्षिकांना, शाळा सुटल्यावर थांबा असे सांगणे म्हणजे सहकार्याचा बोजा त्यांच्यावरच टाकणे होय. सहविचाराची वेळ शाळेच्या वेळापत्रकातच असली पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे म्हटले आहे. कागदपत्रांचे ओझे त्या भावनेने कमी केले, तरच हा वेळ निघेल.

दुसरी गोष्ट बदल्यांची. दोनपैकी एक शिक्षक बदलला, की शाळेचा निम्मा संघ बदलतो. म्हणून ठरलेल्या कामाची आणि त्यामागच्या कारणांची साधी नोंदवही शाळेत राहिली पाहिजे. पालक समिती सजग असेल, तर शाळेची स्मृती माणसांबरोबर निघून जात नाही.

तिसरी गोष्ट अधिकाराची. कामे वाटायची आणि निर्णय मात्र वरूनच यायचे, याला सहकार्य म्हणत नाहीत. शाळेचा विकास आराखडा छापील नमुन्यात भरून पाठवायचा आणि मागितले काय, मिळाले काय याचा मेळ कधीच लागायचा नाही, असे होत राहिले तर शिक्षक आणि पालक दोघेही लवकरच गप्प बसायला शिकतील. शेवटच्या निर्णयाची जबाबदारी मुख्याध्यापकावर राहणारच. मात्र त्या निर्णयापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना दिसली पाहिजे.

उत्तम मुख्याध्यापकाच्या कहाण्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. एखाद्या ध्येयवेड्या गुरुजींनी शाळा घडवली, त्यांची बदली झाली आणि शाळा पुन्हा पूर्वपदावर आली, हे त्या कहाण्यांचे शेवटचे प्रकरण बहुधा छापले जात नाही. ते टाळायचे असेल, तर असामान्य माणसाची वाट पाहण्याऐवजी सामान्य माणसांना एकत्र काम करायला शिकवावे लागेल. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलाचे नाव शाळेत एकापेक्षा अधिक माणसांच्या ओठी असेल, तेव्हाच त्या शाळेला नेतृत्व लाभले, असे म्हणता येईल.